गहिवराची सोय

बेघरांना आधार देणाऱ्यांवर मराठीत जे गौरवलेख लिहिले जातात, त्यांचा एव्हाना एक ठरीव साचा झाला आहे. उकिरड्यावर अन्न शोधणारा माणूस, त्याला उचलून आणणारा ध्येयवेडा तरुण, सोशिक पत्नी, उधारीवरची पत्र्यांची शेड आणि अखेरीस मदतीचे आवाहन. बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे हे दांपत्य सेवासंकल्प प्रतिष्ठानच्या वतीने रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांना सांभाळते. त्यांचे कामही या साच्यात कोंबले की वाचक गहिवरतो आणि मोकळा होतो. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. चीड येते ती या गहिवराची.

कारण त्यात कायदा बुडून जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १०० पाहावे. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षणात घेणे, २४ तासांच्या आत शासकीय आरोग्यसंस्थेत नेणे, बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे, ही पोलिसांची कर्तव्ये आहेत. कोणत्या गौरवलेखात हे कलम आले आहे?

‘तातडीने निवारा बांधा’ ही मागणी रास्तच. पण तिचे शासकीय गणितही पाहा. नागरी बेघरांसाठी १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा निवारा, असे हे प्रमाण. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांवर होती, परंतु लाखाचे शहर एकही नव्हते, खामगावसुद्धा नाही. मलकापूर वा शेगावच्या फलाटावर उतरलेला वाट चुकलेला माणूस या गणितात कुठे बसवायचा?

आणि शेड तरी काय, पैसे असतील तर महिन्याभरात उभी राहते. त्या माणसाचे नाव-गाव सापडायला मात्र वर्ष लागू शकते. आपल्या साहित्याला बेघर भावतो तो वक्तृत्व असलेला. ‘नटसम्राट’मधल्या अप्पांना आपण १९७० पासून टाळ्या देत आहोत, त्यांच्यापाशी निदान भाषा तरी शाबूत होती. फलाटावरच्या माणसापाशी असतो एखादा अर्धवट शब्द, नदीचे किंवा जत्रेचे मोडके नाव, कुठल्याशा बोलीतला हेल. त्यावरून त्याचा मुलूख ओळखणे हे बोलीअभ्यासकाचे काम आहे. एम.ए.ला आपण बोलींचा अभ्यास शिकवतो, वऱ्हाडीची ध्वनिवैशिष्ट्ये पाठ करून घेतो आणि दरवर्षी त्यावर प्रश्नही काढतो.