रेंज, नशीब आणि गणित

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. रविवारी वडिलांना फोन केला की ते गोठ्यामागच्या उंचवट्यावर जाऊन उभे राहतात. आवाज तुटू लागला की म्हणतात, "राहू दे रे, आज नशिबात नाही बोलणं." मीही तसेच मानत होतो. पण अर्थशास्त्राच्या तासाला संभाव्यता शिकलो आणि नशिबाचाही हिशेब मांडता येतो हे कळले.

टॉवरवरून निघालेली रेडिओलहर झाडे, भिंती, टेकड्या यांवर आदळून अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. काही लहरी एकमेकींना जोर देतात, काही एकमेकींना मारतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. म्हणून वीतभर सरकले तरी रेंज येते-जाते. एकेका लहरीचा हिशेब कोण ठेवणार? परंतु पुष्कळ लहरींच्या बेरजेला नियम असतो. लॉर्ड रॅले यांनी तो १८८० मध्ये मांडला. पुढे १९६८ मध्ये आर. एच. क्लार्क यांनी फिरत्या रेडिओग्रहणाचे सांख्यिकी प्रारूप दिले. टॉवर थेट समोर दिसत असेल, तर मात्र रॅले यांचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

मी हा खेळ कॉलेजच्या संगणकावर एक्सेलमध्ये खेळून पाहिला. प्रत्येक ओळीत घंटाकृती वितरणातल्या दोन यादृच्छिक संख्या घ्यायच्या आणि त्यांच्या वर्गांची बेरीज करायची. ती त्या क्षणाची शक्ती. अशा हजार ओळी केल्या. सरासरीच्या दहाव्या भागाहून दुबळे क्षण ९७ निघाले. सूत्र सुमारे ९५ सांगते!

यातून मी एक गोष्ट शिकलो. सरासरी शक्ती भरपूर असेल, तर इतके दुबळे क्षण शंभरात नऊ-दहाच यावेत. फोन दर रविवारी तुटत असेल, तर तो नशिबाचा खेळ नव्हे, सरासरीच कमी आहे. टॉवर दूर असेल किंवा मध्ये डोंगर असेल. आणि टॉवर कुठे उभारायचा हे नशीब ठरवत नाही, माणसे ठरवतात.

"कलाशाखेला गणित कशाला?" असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे. योगायोग कुठे संपतो आणि दुर्लक्ष कुठे सुरू होते, हे ओळखण्यासाठी! आपल्या अभ्यासक्रमात त्यासाठी आठवड्याला दोन तास तरी हवेत.

वडिलांना मी फोन किती वेळा लागला, किती वेळा तुटला, हे वहीत लिहायला सांगितले आहे. गावाचा अर्ज त्या वहीसह जाईल.

— द्वितीय वर्ष, कला