‘कुवत’ नव्हे, दरवाजा!

संगणकशास्त्र हे मूठभर प्रतिभावंतांचे क्षेत्र आहे. जे टिकत नाहीत त्यांच्यात कुवतच नसते, हा सिद्धान्त अमेरिकेत वर्षानुवर्षे मांडला गेला. वस्तुस्थिती काय सांगते? १९८४ साली तेथील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. २०१० च्या सुमारास त्या १८ टक्क्यांवर आल्या. एका पिढीत स्त्रियांची बुद्धी निम्म्याने घटली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

कॅलिफोर्नियातील हार्वे मड हे लिबरल आर्ट्स परंपरेतील छोटे महाविद्यालय. तेथे २००६ च्या सुमारास पहिलाच अभ्यासक्रम मुळापासून बदलण्यात आला. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांचे व न केलेल्यांचे वर्ग वेगळे झाले. जावाऐवजी पायथन ही सुलभ भाषा आली. परिणाम? या शाखेतील मुलींचे प्रमाण काही वर्षांतच सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत गेले. २०१६ च्या पदवीधरांत त्या निम्म्याहून अधिक होत्या. मुली त्याच समाजातून आल्या होत्या. बदलला होता तो दरवाजा.

परंतु दुसरा दरवाजा पैशाचा आहे. या महाविद्यालयाचा वार्षिक खर्च ८० हजार डॉलरांच्या वर गेला आहे. शिष्यवृत्त्या मिळतात, पण शिक्षण हक्क न राहता मेहेरबानी ठरते. शिवाय कंपन्यांच्या पगारापुढे छोट्या महाविद्यालयांना प्राध्यापक मिळेनासे होतात आणि गर्दी वाढली की जागांचे रेशनिंग सुरू होते. विद्यार्थी टिकवायचे, तर आकर्षक पत्रके छापून भागणार नाही. शिक्षक वाढवा, शुल्क उतरवा!