खोक्यावरचे आकडे आणि दुकानदाराचा शब्द

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या आठवडे बाजारापर्यंत चार्जिंगचे एलईडी टॉर्च आज ढिगाने विकले जातात. खोक्यावर एक लाख लुमेन, १०० वॅट, दोन किलोमीटर झोत असे आकडे छापलेले असतात आणि किंमत असते चार-पाचशे रुपये! असा माल न तपासता विकणे म्हणजे मापात पाप करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तपासणी अवघड नाही. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ते १५० लुमेन देतो. म्हणजे एक लाख लुमेनसाठी ७०० ते १००० वॅट वीज हवी. एवढी वीज घरातली इस्त्री खाते. मुठीत मावणारा टॉर्च ती आणणार कोठून?

आता सेल पाहा. बहुतेक टॉर्चमध्ये '१८६५०' हा लिथियम सेल असतो, १८ मि.मी. जाड, ६५ मि.मी. लांब. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९९०० छापले असेल तर ते खोटे समजावे. ३.७ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर-तास म्हणजे सुमारे ११ वॅट-तास. त्यावर १० वॅटचा दिवा जेमतेम तासभर चालेल. '१०० वॅट, पाच तास' म्हणणाऱ्याला असे ४५ सेल लागतील.

झोताचा हिशेबही असाच आहे. २००९ च्या अमेरिकन मानकानुसार जेथे पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरतो, तेथपर्यंत झोत पोहोचला असे धरतात. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. त्यामुळे दोन किलोमीटरसाठी १० लाख कँडेला तीव्रता लागते. शिवाय लांब झोत म्हणजे जास्त प्रकाश नव्हे. अरुंद झोत थोड्या लुमेनवरही दूर जातो. रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला पायाजवळचा साप दिसणारा पसरट उजेड हवा, दोन किलोमीटरवरचे झाड नव्हे.

दुकानदाराने घाऊक खरेदीपूर्वी नमुना पूर्ण चार्ज करून पूर्ण उजेडावर लावावा आणि घड्याळ पाहावे. चार्जरही बोलका असतो : ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर चार तासांत २० वॅट-तासांहून अधिक भरूच शकत नाही.

"गिऱ्हाईक मोठा आकडाच मागते, आम्ही काय करणार?" असे काही व्यापारी म्हणतात. परंतु गिऱ्हाईक आकडा मागते, कारण त्याला दुसरे काही सांगितलेच जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही धरले आहे, हे विसरू नये. पण कायद्याहून मोठी गोष्ट पत. मध्यरात्री शेताच्या बांधावर ज्याचा दिवा विझला, तो माणूस त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. चार गावांत सांगेल, ते वेगळेच.

म्हणून दुकानदाराने बिलावर स्वतःच्या हाताने एवढेच लिहावे : "पूर्ण उजेडावर इतके तास." छापील लाखापेक्षा हा लिहिलेला दोनचा आकडा जास्त माल विकेल.