‘पर्यंत’ नावाची पळवाट

मेमरी कार्डावर ठसठशीत आकडा असतो : सेकंदाला २०० एमबी. आणि त्याच्या आधी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा टायपात, ‘अप टू’. म्हणजे ‘पर्यंत’. शाळेत याला शब्दयोगी अव्यय म्हणायचे, बाजारात पळवाट म्हणतात. ‘पंचपक्वान्नांपर्यंत काहीही मिळेल’ असं सांगून पंगतीला पिठलं वाढलं, तर यजमान खोटं बोलला म्हणायची सोय आहे का?

मी लग्नांचे व्हिडिओ करतो. रात्री दीडला नवरा-नवरीची वरात संपते आणि माझी निघते : १२८ जीबीचं कार्ड, लॅपटॉप आणि पडद्यावर सरपटणारी ती हिरवी पट्टी. वेग ३८ एमबी. म्हणजे जवळजवळ तास. भाच्याला विचारलं, आमच्या घरातले संगणकशास्त्राचे बृहस्पती ते. त्यांनी आधी डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’ मारलं. पाच वेळा. (यानं नेमकं काय ताजंतवानं होतं? भाजी?) मग कॉपीचा वेग तिप्पट करणारं सॉफ्टवेअर टाकलं. वेग होता तिथंच राहिला, जाहिराती तिप्पट झाल्या.

खरा आरोपी होता दीडशे रुपयांचा रीडर. यूएसबी २.० जातीचा, म्हणजे सन २००० मधलं तंत्र. पाकिटावर रुबाबात ‘४८०’! पण ते मेगाबिट. आठानं भागा, उरतात ६० मेगाबाइट, आणि हाती पडतात ३५-४०. स्थळ बघताना मुलाचा पगार पैशांत सांगावा, तसला हा प्रकार.

मग यूएसबी ३.० चा रीडर घ्यायला गेलो, तर त्या नावाचं आता कुणी राहतच नाही म्हणे. २००८ साली जन्मलेलं हे बाळ पुढं ‘३.१ जेन १’ झालं, मग ‘३.२ जेन १’. वेग तोच, ५ गिगाबिट. आमच्याकडे तांदळात अंगठीनं नवरीचं नाव बदलतात, पण एकदाच हो!

बरं, आता तरी २०० मिळाले? छे. कार्ड यूएचएस-१ चं, आणि त्या प्रमाणाची कमाल मर्यादाच १०४. वरचे ९६ प्रकट होतात ते कार्डवाल्यांचाच खास रीडर लावल्यावर. तो वेगळा विकत घ्यायचा. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि म्हणायचं, वाण घरून आणा! मला ९० मिळतात. चोवीस मिनिटं.

श्रीमंत मंडळी यूएचएस-२ घेतात. पाठीवर पितळी पट्ट्यांची दुसरी ओळ, मर्यादा ३१२. आणि एवढा ऐवज उतरवतात कुठं? फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर, जी १२० च्या आसपासच धापा टाकते. एक्स्प्रेस-वेवरून सुसाट यायचं आणि वाकडला अडकायचं. वर दोष कुणाला? कार्डाला! काहींनी तर एसएसडी घेतली, आणि ती जोडली मोबाइल चार्जरच्या टाइप-सी वायरनं. अशा बहुतेक वायरींच्या पोटात यूएसबी २.० च असतं. पुन्हा तेच ३८. पुनरपि जननं, दुसरं काय.

तेव्हा नवं कार्ड घेण्याआधी रीडर, वायर, पोर्ट आणि डिस्क बघा. चौघांत जो सगळ्यात मठ्ठ, त्याच्याच तालावर वरात चालते.

जुना रीडर मी भाच्याला दिला. अजून रिफ्रेश मारतोय.