सिस्टीम घेत नाही

तुमचं काम होणार नाही, हे तोंडावर सांगणं आपल्याकडे कधीच शिष्टसंमत नव्हतं. त्यासाठी पूर्वी कितीतरी सोयी होत्या. साहेब दौऱ्यावर असत. कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे असे आणि भाऊसाहेब साळीच्या लग्नाला गेलेले असत. नाहीतर फाईल 'वर' गेलेली असे, आणि वर गेलेला माणूस जितक्या वेळा परत येतो तितक्याच वेळा तीही परत येई. पण या सबबींमध्ये एक मोठा गुण होता. त्यांत माणूस असे. त्याच्यावर चिडता येई, त्याला चहा पाजता येई, त्याच्या मेहुण्याची ओळख काढता येई. आता त्या सगळ्या सबबी मोडीत निघाल्या आणि एकच उरली: 'सिस्टीम घेत नाही.' आमच्या उमरखेडात हीच 'सिस्टीमच घेऊन नाही राह्यली ना भाऊ' अशी येते. सुरात जिव्हाळा असतो, पण काम होत नाही ते नाहीच.

शाळेत व्याकरणाच्या तासाला गुरुजींनी अकर्तृक क्रियापदं शिकवली होती. उजाडलं, सांजावलं, गडगडतं, मळमळतं. क्रिया होते, पण करणारा नसतो. 'कोणी सांजावलं?' असं विचारायची सोय नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून ही क्रियापदं साधारण दोनच खात्यांत नोकरीला होती, एक आभाळ आणि दुसरं पोट. तंत्रज्ञानाच्या बातम्यांनी त्यांना आता तिसरं खातं मिळवून दिलं आहे. सर्व्हर डाऊन झालं. अर्ज रिजेक्ट झाला. माहिती फुटली. एआयमुळे नोकऱ्या गेल्या. पाऊस पडला म्हणावं, तितक्या सहजपणे नोकऱ्या गेल्या म्हणतात, आणि आपणही छत्री शोधायला लागतो.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. करोनात घरून काम करायची मुभा मिळाली, ती घेऊन पुण्याहून गावी आलो आणि इथेच राहिलो. तेव्हापासून वैद्याला जीभ दाखवावी तशी गावातली मंडळी मला पेपर दाखवतात. "भाऊ, हे एआय सगळ्यायच्या नोकऱ्या खाते म्हंते. पोराला कम्प्युटरला टाकू का नको?" चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही उभ्याउभ्याच द्यावं लागतं. मी सांगतो, एआयला तोंड नाही, ते नोकऱ्या खात नाही. नोकऱ्या मालक खातो. एआयचा त्याला रुमालासारखा उपयोग होतो, नंतर तोंड पुसायला. ऐकणाऱ्याची थोडी निराशा होते. राक्षसाची बातमी घेऊन आलेल्या माणसाला मालकाची बातमी फार जुनी वाटते.

१९ जुलै २०२४ चंच घ्या. 'मायक्रोसॉफ्टचं सर्व्हर डाऊन, जग ठप्प' अशी बातमी झळकली. विमानं रखडली, आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. झालं होतं ते असं. क्राउडस्ट्राइक नावाच्या दुसऱ्याच एका कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक नवी फाईल गिऱ्हाइकांच्या संगणकांवर पाठवली. तिच्यात एका बाजूला एकवीस रकान्यांची अपेक्षा होती आणि दुसरी बाजू वीसच पुरवत होती. एकविसावा रकाना शोधायला गेलेलं सॉफ्टवेअर तोंडावर आपटलं आणि त्याने सुमारे ८५ लाख संगणक बरोबर नेले. हा रकान्यांचा हिशेब कोणीतरी तपासायचा राहिला होता, आणि फाईल आधी थोड्या यंत्रांवर न पाठवता सगळीकडे एकदम सोडायची, हेही कोणीतरी ठरवलं होतं. आमच्याकडचा शेतकरी फवारणीचं नवं औषध आधी धुऱ्याकडच्या दोन ओळींवर मारून बघतो. एवढी अक्कल ज्या निर्णयात नव्हती, त्याला बातमीत नाव मिळालं 'तांत्रिक बिघाड'.

अमेरिकेतले संगणक पडले तर आपलं काय जातं, असं वाटत असेल तर जरा घराजवळ या. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. केंद्रांपुढे रांगा लागल्या. दिवाळीच्या मुहूर्तावर प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि मग याद्या उघडून बघतात तर एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी! वाटप रखडलं. 'तांत्रिक घोळ', पुन्हा तेच. आता क्रमांक काही आपण होऊन यादीत जाऊन बसत नाहीत. ते कोणीतरी भरले, कोणीतरी न बघता पुढे पाठवले, आणि याद्या तपासून व्हायच्या आधी मुहूर्त कोणीतरी काढला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कल्पना वाईट नाही. पूर्वी शेतात कपाशी उभी असताना कागदावर ज्वारी डोलत असे. पण पैनगंगा अभयारण्याच्या अंगाने आमच्या तालुक्याचा जो 'बंदी भाग' आहे, तिथे पीक शेतात असतं आणि रेंज टेकाडावर. माणूस फोटो काढून टेकाड चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, तोवर मुदत संपते. मग हमीभावाच्या खरेदीला गेला की कळतं, 'नोंद झालेली नाही.' झालेली नाही! सांजावलेलं नाही, तसं. रेंज नसेल तर काय करायचं, हे ज्यांनी ठरवायचं होतं ते वाक्यातून केव्हाच पसार झालेले असतात.

आमच्या आळीत एक आजी आहेत. उभा जन्म कापूस वेचण्यात आणि हळद काढण्यात गेला, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. एका कार्यालयात त्यांचा अंगठा पाच वेळा लावला, पाचही वेळा यंत्र लाल झालं. "सिस्टीम अंगठा घेत नाही, आजी." आजी म्हणाल्या, "अन् मी मीच हाओ, हे तुला दिसून नाही राह्यलं का, बाप्पा?" खिडकीतला मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. तो म्हणाला, "मला दिसते आजी, सिस्टीमला दिसत नाही." तो खोटं बोलत नव्हता. पण त्याला दिसत असून उपयोग नाही, हे कोणी ठरवलं?

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी 'जर, तर, नाही तर' यांचा पसारा असतो. जर अंगठा जुळला, तर पैसे द्या. नाही तर... या 'नाही तर'च्या पुढे काय लिहायचं, ते संगणक ठरवत नाही. तिथे डोळ्याची खूण लिहिता येते, मोबाइलवर येणारा आकडा लिहिता येतो, खिडकीतल्या माणसाची सही चालेल असंही लिहिता येतं. तिथे 'परत पाठवा' एवढंच लिहिलेलं असेल, तर ते कुठल्यातरी बैठकीत, बिस्किटं खाता खाता, कोणीतरी मंजूर केलेलं असतं.

यावर शहाणे लोक विचारतील, पूर्वीचे तलाठी काय देवमाणसं होती? मुळीच नाही. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याने किती हेलपाटे वाचले ते मी रोज बघतो. यंत्रं बुडवा असं मी म्हणणार नाही, माझी भाकरी त्यावरच शेकते. पण तलाठ्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येत होतं. सिस्टीमविरुद्ध कोणाकडे जायचं? वर सिस्टीमच, आणि तीही डाऊन.

ही थट्टा वाटत असेल तर इंग्लंडात काय झालं ते पाहा. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक-प्रणाली बसवली. ती तूट नसताना तूट दाखवू लागली. लहान लहान पोस्टं चालवणारी साधी माणसं सांगत राहिली की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण उलट पुरावा नसेल तर संगणक बरोबर, असं न्यायालयंही धरून चालत होती. नऊशेहून अधिक लोक चोर आणि लबाड ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि शिक्षा रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं. वीस वर्षं एका देशाने यंत्राच्या शब्दावर माणसं खोटी पाडली.

उलट कॅनडात २०२२ मध्ये एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. आमचा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा थाटाचा बचाव कंपनीने केला. लवादाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. रक्कम मामुली होती, पण वाक्याला कर्ता मिळाला.

कर्ता सापडत नसेल तर काय करायचं, हेही गुरुजींनी शिकवलं होतं. क्रियापदाचा धातू घ्यायचा, त्याला 'णारा' लावायचा आणि पुढे 'कोण?' विचारायचं. खाणारा कोण? मारणारा कोण? तंत्रज्ञानाची बातमी वाचताना मला दुसरं काही लागत नाही आणि तुम्हालाही लागणार नाही. पुढच्या वेळी खिडकीतून 'अर्ज रिजेक्ट झाला' असं ऐकू आलं, की न रागावता, मान तिरकी करून, पण उत्तर मिळेपर्यंत जागेवरून न हलता विचारा, 'रिजेक्ट करणारा कोण?' मागची रांग थोडी कुरकुर करील. करू द्या. तिलाही तेच विचारायचं असतं.