दुकानाची पाटी कोणाच्या नावावर?

शहापूर-मुरबाड भागात शेतीला जोडून छोटे दुकान चालवणारी घरे आहेत. कोणी घरचा तांदूळ विकतो, कुठे सासू-सून मिळून पापड-लोणची करतात. माळशेज घाटाकडे निघालेले किंवा नाशिक रस्त्याने जाणारे मुंबईचे गिऱ्हाईक एकदा माल नेते आणि पुढच्या खेपेला घरबसल्या फोनवर ते दुकान शोधते. अशा वेळी इंटरनेटवर दुकानाचे स्वतःचे नाव असले तर बरे पडते. या नावाला ‘डोमेन’ म्हणतात. ते कसे घ्यावे, याचा आज विचार करू.

हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते खंडाने घेतलेल्या जमिनीसारखे आहे. एक ते दहा वर्षांच्या मुदतीने ते मिळते आणि मुदत सरण्याआधी पैसे भरून वाढवून घ्यावे लागते. ‘डॉट इन’ या शेपटीची नावे ‘निक्सी’, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या संस्थेच्या ताब्यात आहेत. आपण मात्र तिने मान्यता दिलेल्या विक्रेत्याकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, नाव घ्यायचे. घेण्याआधी एक विचारावे: पहिल्या वर्षाला किती आणि दुसऱ्या वर्षापासून किती? पहिले वर्ष स्वस्तात देऊन पुढे दर वाढवण्याची रीत या बाजारातही आहे.

आता नाव निवडू. ते आखूड असावे आणि एकदा ऐकून लिहिता यावे. आपली नावे इंग्रजी अक्षरांत अनेक तऱ्हांनी लिहिली जातात. ‘शहापूर’ लिहिताना कोणी मधला ‘ए’ घालतो, कोणी गाळतो. म्हणून नाव ठरवण्याआधी दूरच्या नातेवाइकाला फोन करावा, नाव एकदाच सांगावे आणि लिहून पाठवायला सांगावे. त्याने बरोबर लिहिले तर नाव उत्तम. मध्ये आकडे किंवा आडव्या रेघा नकोत. आज फक्त तांदूळ विकत असाल तरी उद्या मध आणि लोणचेही विकाल, म्हणून नाव एकाच मालाला बांधू नये. देवनागरीतली ‘डॉट भारत’ ही शेपटीही २०१४ पासून मिळते. पण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर मराठी अक्षरे उमटवणे सोपे नसते, तेव्हा इंग्रजी अक्षरांतले नाव जवळ असू द्यावे.

दुसऱ्याच्या चालत्या नावाची नक्कल करू नये. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ डॉट कॉम’चा खटला आला होता. समोरच्याने एका अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ असे नाव घेतले होते. न्यायालयाने त्याला मनाई केली. व्यापारी नावाला जसे संरक्षण असते तसे डोमेनलाही मिळते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ‘सिफी’च्या खटल्यात हेच सांगितले.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नोंद कोणाच्या नावाने होते. पुष्कळदा कॉम्प्युटर जाणणारा भाचा किंवा तालुक्याचा कारागीर सगळे करून देतो आणि नोंदीत नाव, मोबाइल, ई-मेल त्याचाच घालतो. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, त्याला ते सोपे पडते इतकेच. पण उद्या तो परगावी गेला, त्याचा नंबर बदलला किंवा पैशावरून बिनसले, तर सांकेतिक आकडे त्याच्याच फोनवर जातील. पाटी तुम्ही रंगवाल, मात्र खंडाची पावती दुसऱ्याच्या खिशात असेल. म्हणून काम कोणीही करो, नोंद धनी माणसाच्या नावाने, त्याच्याच मोबाइलवर आणि ई-मेलवर करावी. लोणच्याचा धंदा सूनबाई चालवत असतील तर नोंदही त्यांच्याच नावाने व्हावी. बचत गटाचा धंदा असेल तर गटाच्या नावाने करावी आणि पासवर्ड दोघीजणींना ठाऊक असावा.

मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. ती टळली तरी थोडे दिवस सवलत मिळते. ती सरली की नाव मोकळे होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. मग पिशव्यांवर छापलेला पत्ता परक्याच्या दारात नेईल. ‘तुमचे नाव जाणार, ताबडतोब पैसे भरा’ असा अनोळखी संदेश आला तर घाबरू नये. ज्याच्याकडून नाव घेतले त्याच्याच ठिकाणी जाऊन तारीख पाहावी.

तुमच्या घरच्या दुकानाने असे नाव घेतले असेल, तर आज संध्याकाळी एवढेच पाहा: पावतीवर नाव कोणाचे आहे? दुसऱ्याचे निघाले, तर गोडीगुलाबीत आहे तोवरच ते आपल्या नावावर करून घ्या.