लेखकाचे घर आणि संहितेचा पत्ता

परदेशी स्थायिक झालेला मराठी वाचक स्ट्रॅटफर्डला जातो, लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासमोर उभा राहतो आणि छायाचित्रे गावाकडे पाठवितो. या यात्रेकडे मराठी समीक्षा दोनच प्रकारांनी पाहत आली आहे. एक पक्ष तिला साहित्यप्रेम मानून गहिवरतो. दुसरा रोलाँ बार्थ यांच्या १९६७ मधील ‘लेखकाचा मृत्यू’ या निबंधाचा हवाला देऊन तिला भाबडेपणा ठरवितो. परस्परविरोधी भासणाऱ्या या भूमिका वस्तुतः एकाच गृहीतकावर उभ्या आहेत : लेखकाचे घर म्हणजे त्याच्या देहाचा अवशेष. भक्त त्याची पूजा करतो, सिद्धान्तवादी त्याकडे पाठ फिरवितो. घर वाचण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

शेक्सपिअरचे जन्मघर १८४७ साली लिलावात ३००० पौंडांना राष्ट्रासाठी विकत घेतले गेले. ज्या ‘न्यू प्लेस’मध्ये त्याचा अंत झाला, ते अठराव्या शतकाच्या आरंभी नव्याने बांधले गेले आणि १७५९ मध्ये मालकाने तेही पाडले. टिकले ते बालकाचे घर, लेखकाचे नव्हे. स्ट्रॅटफर्डला दिसते ती नाटकांची निर्मितिप्रक्रिया नसून एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडला वाटलेली राष्ट्रकवीची गरज होय. ती ओळखणे ही समीक्षाच आहे.

लंडनमधील घराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला घेतले. निवासी वास्तूचे संग्रहालय करण्यास कॅम्डेनच्या नगरपरिषदेने हरकत घेतली. तो वाद २०२० मध्ये ब्रिटिश शासनाच्या निर्णयाने संग्रहालयाच्या बाजूने मिटला. हे घर आहे की स्मारक, हा प्रश्न नियोजन खात्याला पडला. मराठी समीक्षेला पडला नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडावे लागलेला, १९२० मध्ये साठविलेल्या व उसन्या पैशांवर परतलेला विद्यार्थी येथे परक्याच्या छपराखाली राहत होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्याच वास्तव्यातील अभ्यासाचे फळ. त्या ग्रंथातील युक्तिवाद खोलीवाचूनही उभा राहतो, असे रूपवादी म्हणेल, आणि ते खरे आहे. अर्थ घरात सापडत नाही. परंतु लिहिण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या किमतीवर मिळाला, हे घरात सापडते. ग्रंथ न उघडता केवळ प्रतिमेस वंदन करणारा यात्रेकरू आणि ग्रंथ उघडूनही ही किंमत न विचारणारा समीक्षक, दोघेही तितकेच अपुरे वाचक ठरतात.

त्याच आंबेडकरांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत नाकारणाऱ्या भंडाऱ्याच्या भूमीने या प्रश्नाची दुसरी बाजू जपून ठेवली आहे. आठव्या शतकातील भवभूतीचे घर कोणीही दाखवू शकत नाही. ‘महावीरचरित’ व ‘मालतीमाधव’ यांच्या प्रस्तावनांत त्याने स्वतःचे कुल आणि पद्मपूर हे मूळ नगर सांगितले. कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या, म्हणजे परदेशस्थच असलेल्या या नाटककाराने घर मागे ठेवले नाही. त्याचा पत्ता संहितेत ठेवला. म. म. वा. वि. मिराशी यांनी आमगावजवळच्या पदमपूरशी त्याची सांगड घातली ती त्या पत्त्याच्या व ताम्रपटांच्या वाचनातून. हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; १९९९ पासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. जिल्हा बदलला, संहितेतील पत्ता बदलला नाही.

‘लेखक मेला’ म्हणणाऱ्यांनी या प्रस्तावनांचे काय करावे? येथे लेखकाचा ठावठिकाणा संहितेबाहेरचे चरित्र नसून संहितेचाच भाग आहे. आणि जन्मभूमीचा अभिमान मिरविणाऱ्यांनी तरी काय करावे? ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत भवभूतीने आपली कृती कोणत्याही गावाच्या स्वाधीन केलेली नाही, पुढे केव्हातरी, कोठेतरी जन्मणाऱ्या समानधर्मी रसिकाच्या स्वाधीन केली आहे. परदेशातील घरे पाहून परतणाऱ्याने स्मारकाची मागणी करण्यापूर्वी तो रसिक होण्याची तयारी दाखवावी. तीही नसेल, तर पदमपुरात उद्या उभे राहणारे कोणतेही स्मारक न वाचलेल्या नाटकांची समाधीच ठरेल.